दिवे लावणाऱ्याची रोजनिशी

— नाही मॅडम, पाच म्हणजे पाचच. विद्यापीठात प्रबंध घेणाऱ्या त्या खिडकीतल्या बाईंना मी वीस वर्षं ओळखतो, पाचाला एक मिनिट कमी असताना त्या फळी खाली ओढतात आणि मग साक्षात कुलगुरू हात जोडत आले तरी वर करत नाहीत — पण घाबरता कशाला, आत्ता कुठे दोन वाजतायत, सरस तापत ठेवलाय, मरून रेक्झिन कापून तयार आहे, चार प्रती साडेचारला तुमच्या हातात. बसा. त्या स्टुलावर नको, नको म्हटलं ना, त्याचा एक पाय नुसता शोभेचा आहे, तुमच्या विभागातल्या समित्यांसारखा — इकडे, पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसा. तुमच्या आधी निदान तीनशे डॉक्टर त्याच्यावर बसून नखं खाऊन गेलेत.

आधी पानं तपासू द्या. घाईघाईत बांधायचं नसतं. आणि खरं सांगू का, तुमचा प्रबंध पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटणारा जगात मी एकटाच असणार आहे — गाइड वाचत नाही, परीक्षक अनुक्रमणिका वाचतो, घरचे मुखपृष्ठाचा फोटो काढतात. मी का उलटतो? कारण एकदा चुकलो होतो. एका गृहस्थांच्या प्रबंधात, दोनशे बारा आणि दोनशे तेराच्या मध्ये, नळ-तोट्यांचं दरपत्रक बांधलं गेलं — शेजारच्या प्लंबरचं, अकरा पानी, चित्रांसकट. पंधरा दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. मग अहवाल आला. परीक्षकांनी काय लिहिलं असेल? ‘मधली सामग्री विशेष मौलिक.’ पदवी मिळाली! आज ते गृहस्थ कुठेतरी विभागप्रमुख आहेत आणि घरचा नळ गळला की मलाच फोन करतात. — थाप? बरं, थाप म्हणा. सगळेच म्हणतात. बाइंडर थापाड्या आहे हे विद्यापीठाच्या नियमावलीत तेवढं छापायचं राहिलंय.

ऋणनिर्देश. हा मात्र मी चवीनं वाचतो. बघू — ‘ज्यांनी वेळोवेळी मार्गदर्शन केले’ — वेळोवेळी म्हणजे किती वेळा हो, सहा वर्षांत? तीनदा? नशीबवान आहात. ‘आई-बाबांनी अजून किती राहिले असे कधीही विचारले नाही’ — हे छान आहे. सगळ्यांचे आई-बाबा रोज विचारतात आणि ऋणनिर्देशात आले की एकदम अबोल होतात. आणि किती राहिलंय हे सांगायचं तरी कसं, भिंत बांधतोय का आपण, की पाच फूट झाली, तीन फूट राहिली? धाकटी बहीण लग्न करून दोन मुलांची आई होते आणि आपण दुसऱ्या प्रकरणाचा चौथा खर्डा खरडत असतो. मावशी विचारते, डॉक्टर झालीस की माझं पोट बघशील ना गं? नाही मावशी, पण तुझं पोट का दुखतं त्याची एकोणिसाव्या शतकातली कारणं सांगू शकेन. — हसलात. बरं झालं, आल्यापासून चेहरा नुसता सरसासारखा घट्ट होता.

आणि मार्गदर्शक म्हणून — अरे वा. मोठे सर. अजून गाइड आहेत? निवृत्तीनंतर मानद — हं, बरोबर, असली माणसं निवृत्त होत नाहीत, नुसती खुर्ची बदलतात. — काही नाही. हात कुठे थांबला? सरस बघत होतो. ओळखतो का म्हणजे? मॅडम, त्यांच्या आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेणारा मी. त्यांच्या मुलीची गणितं सोडवणारा मी — ती नापास झाली तो भाग सोडा, इतिहासाच्या माणसाकडून दुसरं काय होणार. मी जन्मजात बाइंडर नाही. मी पाऊण डॉक्टर आहे. तो पुस्तकं दाबायच्या शिकंज्याजवळचा काळ्या फडक्यातला गठ्ठा दिसतो का? वजन म्हणून वापरतो. सरस लावला की वीस मिनिटं वर वजन ठेवावं लागतं — दगड ठेवला तर पुठ्ठ्याला खड्डा पडतो, वीट भुगा सोडते — आणि हा बघा, चारशे दहा पानं, सगळीकडून सारखा भार. माझा प्रबंध. तीनशे जण त्याच्याखालून डॉक्टर होऊन बाहेर पडले, तो मात्र आहे तिथेच.

का नाही सादर केला — हा प्रश्न सगळे विचारतात आणि मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देतो. एकाला सांगितलं, पुरात गेला. एकाला सांगितलं, प्रेमभंग. तुम्ही मोठ्या सरांच्या आहात, तुम्हाला खरं सांगतो. पटलं नाही तर थापेत जमा करा. ते एक करतात ना आपली मंडळी, प्रकरणात मध्येच खुळचट वाक्य टाकून बघायचं, गाइड वाचतोय की नाही? तुम्हीही केलंत? सगळे करतात. माझ्या मित्रानं तिसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं, ‘येथवर वाचणाऱ्यास माझी सायकल बक्षीस’. सायकल अजून त्याच्याकडेच आहे. मी वाक्य नाही टाकलं. माझा हात पहिल्यापासून सैल. मी आख्खा माणूस टाकला. माझा विषय होता जुन्या शहरातले रस्ते, आणि घरी आई रोज विचारायची, चार वर्षं झाली, काय दिवे लावलेस? म्हटलं थांब, दिवे लावणाराच उभा करतो. दीडशे वर्षांपूर्वीचा, खांद्यावर शिडी, हातात तेलाची बुधली, रस्त्यातले कंदील पेटवत हिंडणारा — आणि रोजनिशी लिहिणारा! कोण लिहील हो? रस्ताभर दिवे लावून आलेला माणूस पाय पसरून झोपेल की रोजनिशी लिहील? एवढं तरी सरांना खटकेल म्हटलं. एका रविवारी दुपारी बसून सोळा नोंदी लिहिल्या, खाली बेधडक तळटीप दिली, ‘खासगी संग्रह’. त्याच्या वाटेवर दिवे किती? त्रेचाळीस. का त्रेचाळीस? विभागाच्या दारापासून सरांच्या केबिनपर्यंत पायऱ्या त्रेचाळीस, दुसरं काही नाही. — पाणी देऊ का? त्या माठातलं घ्या. सरसाचा वास चढतो सवय नसली की, डोकं भणभणतं. चेहरा अगदी उतरला तुमचा.

तर पंधरा दिवसांनी बोलावणं. म्हटलं आता जोडे. त्रेचाळीस पायऱ्या चढून गेलो, तोंडात वाक्य तयार — सर, गंमत केली, माफ करा. आणि सर काय म्हणाले? ‘बसा.’ मॅडम, चार वर्षांत त्या माणसानं मला कधी बस म्हटलं नव्हतं. मी आपला दाराशी, वही छातीशी धरून, एका पायावरून दुसऱ्या पायावर. ‘बसा. हे सोनं आहे. कुठे मिळालं?’ आणि खुर्ची अशी पुढे सरकवली त्यांनी, स्वतः. आता तुम्ही सांगा, त्या खुर्चीवर बसून मी काय म्हणायला हवं होतं? म्हणायला हवं होतं तेच म्हणायला हवं होतं. पण खुर्ची मऊ होती हो. मी म्हटलं, सर, एक जुनं घर आहे, माळ्यावर पेटी आहे, मालक विक्षिप्त आहे, कुणाला दाखवत नाही. विक्षिप्त! एका खुर्चीसाठी मी माळा बांधला, पेटी ठेवली आणि वर मालकाला वेड लावलं.

पुढे? पुढे काय, सहा महिन्यांत सरांचा लेख. परदेशात वाचला. ‘मूळ रोजनिशी मी प्रत्यक्ष पाहिली’ — त्यांनी! मी वाचलं आणि ग्रंथालयात एवढ्या जोरात हसलो की मला बाहेर काढलं. खाली बारीक अक्षरात, ‘एका विद्यार्थ्याने साहाय्य केले’. एका. आणि मग माझी सादरीकरणाची बैठक, पाच जणांची समिती, त्यातल्या एका बाईंनी चष्मा काढून विचारलं, तुमचं चौथं प्रकरण सरांच्या छापील लेखावरून उचललंय का? ऐका हं, नीट ऐका — माझी थाप, माझ्याकडून चोरलेली, आणि ती मीच चोरली असा माझ्यावर आळ! सर बाजूला बसलेले. खिडकीबाहेर बघत होते. बाहेर काही नव्हतं, सायकलस्टँड होता. समिती म्हणाली, प्रकरण काढा नाहीतर मूळ साधन दाखवा. दाखवू काय, माझं डोकं? आणि काढणं — काढलं असतं तर मी आज कुठेतरी व्याख्याता असतो, कबूल आहे. नाही काढलं. तेवढं एकच प्रकरण चांगलं जमलं होतं म्हणून समजा. मुदतवाढ, मुदतवाढ, मुदतवाढ, मग एक दिवस पत्र आलं, ‘नोंदणी रद्द’. दोन ओळी. अकरा वर्षांना दोन ओळी, त्यातही माझं नाव चुकलेलं.

असो. शंभर झाली तुमची, एकशे दहा — पानं बरोबर आहेत, टंकलेखन स्वच्छ आहे, समास चांगला सोडलाय, बांधायला हात बसतो. प्रकरण पाच —

अरे.

अरे देवा, हा अजून चालतोय! तक्ता क्रमांक सात, ‘त्रेचाळीस दिव्यांची वाट आणि नगररचनेतील अंतरांचे गणित’ — मॅडम, पायऱ्या आहेत त्या! मी सांगितलं ना आत्ताच — आणि तुम्ही तशाच बसून ऐकत होतात? पाणी पीत? थांबा, तळटीप बघू द्या, चष्मा कुठे गेला — ‘मूळ रोजनिशी, खासगी संग्रह, पाने शहाऐंशी, कडा वाळवीने खाल्लेल्या, मजकूर वाचनीय. प्रस्तुत संशोधिकेने प्रत्यक्ष पाहिली.’ शहाऐंशी! माझ्याकडे होता तेव्हा सोळा नोंदींचा होता हो. सरांच्या लेखात चाळीस पानं झाली, पुस्तकात साठ, तुमच्याकडे येईपर्यंत शहाऐंशी — पोरगं परक्या घरी चांगलं पोसलं म्हणायचं. आणि वाळवी! वाळवी मला सुचली नव्हती. शाब्बास. ती खास आहे, ‘मजकूर वाचनीय’ तर त्याहून —

नाही, रडू नका. अहो, मी चेष्टा करतोय, मला दुसरं काही येत नाही. कागदावर नको, कागदावर थेंब पडला की पान फुगतं. हे फडकं घ्या, स्वच्छ आहे. — किती? दीड वर्ष? दीड वर्ष शोधत होतात? कुठे कुठे? ... सगळीकडे? ... आणि त्या घरातल्यांनी तुमच्यावर कुत्रा सोडला? कुठल्या घरातल्यांनी, तसं घरच नाही ना! — हो, जुनं घर, माळा, विक्षिप्त मालक. बरोबर, विक्षिप्त मालक काय, गल्लीत चार सापडतात. शिष्यवृत्ती त्यातच संपली. आणि सर? ‘मला सापडली होती, तुला सापडत नसेल तर तुझ्यात संशोधक नाही.’ असं म्हणाले? ह्याच शब्दांत? मूळ पाहिल्याशिवाय सही नाही. आणि मग तुम्ही एक दिवस जाऊन सांगितलंत, पाहिली. — त्यांनी विचारलं नाही, कुठे? विचारलं नाही. चेहरा कसा होता त्यांचा? ... खिडकीबाहेर बघत होते. हं. सायकलस्टँड अजून आहे का तिथे?

ताई, मी ती गंमत त्यांच्यासाठी रचली होती. इतकी वर्षं मला वाटायचं, ती त्यांच्या घशात अडकलीय, एक दिवस ठसका लागेल. आणि ती त्यांनी केव्हाच पचवली, अडकली तुमच्या.

हे काय लिहिलंय — ‘दिवेवाल्याच्या पत्नीचे एकमेव उद्गार’. त्याच्यावर किती पानं? एकतीस? एका वाक्यावर एकतीस पानं — ‘गावाचे दिवे लावून झाले की घरातला एक लावा.’ सार्वजनिक प्रकाश, खासगी अंधार, स्त्रीचा दबलेला आवाज — दबलेला! ताई, तो आवाज तिसऱ्या घरात ऐकू जायचा. माझी आई होती ती. मी ‘लाव’चं ‘लावा’ केलं, एवढाच काय तो माझा संपादकीय हात. स्वयंपाकघरातला दिवा गेला होता आमच्या, एक साधा दिवा, दुकानातून आणायचा आणि फिरवून बसवायचा. मी रोज म्हणायचो उद्या. तीन आठवडे. जगाचे दिवे लावून झाले की माझा एक लाव रे — रोज, जेवायला वाढताना. मला मजा वाटली, मी उचललं आणि रोजनिशीत घातलं. दिवा नाही लावला. वाक्य तेवढं उचललं. मग तिनंच एक दिवस लावला. त्या स्टुलावर चढून. — हो, त्याच. पाय तेव्हाच मोडला, स्टुलाचा. आईचा खुबा. त्यापुढे दोन वर्षं अंथरुणावर होती, उठली नाही. मी तेव्हा कुठे होतो विचारू नका. सरांच्या मुलीची गणितं. आणि समिती म्हणते प्रकरण काढा, काढतो का मी? तिचं जगात छापलेलं तेवढं एकच वाक्य आहे, आणि तेसुद्धा —

मी हे कुणाला सांगत नसतो. सरसाचा वास, दुसरं काही नाही. वाढवून सांगायची सवय आहे मला, अर्धं सोडून द्या.

काम करू. पहिली प्रत शिकंज्यात घातलीय, अजून सरस लावला नाही, म्हणजे प्रकरण पाच अजून निघू शकतं. बोला. एकदा सरस बसला की मग फाडूनच निघेल. — नाही? सर सही मागे घेतील. आजची मुदत शेवटची. ती नोकरीची जाहिरात, तीही या महिन्यापुरतीच, बरोबर. मग असं करतो, मी लिहून देतो. आत्ता, सही-शिक्क्यानिशी: ही रोजनिशी मी रचली, सोळा नोंदी, रविवारी दुपारी. तुम्ही ते घेऊन जा वर — काय हसता? ... हो. तेही खरंच. कोण मानणार? नोंदणी रद्द झालेला, सरांवर डूख धरून बसलेला, नळ-तोट्यांच्या गोष्टी सांगणारा बाइंडर. खरं सांगायला माझ्याकडे कागदाचा एक कपटा नाही, आणि खोट्याच्या पाठीशी सहा पुस्तकं, एक परदेशी परिषद आणि तुमचा तक्ता क्रमांक सात. विद्यापीठ पुरावा बघतं ताई, आणि पुरावा सगळा त्याच बाजूला आहे. बरं. लावतो सरस. हा लावला.

ठेवतो वजन. वीस मिनिटं. माझ्याखाली तुम्ही.

— बाहेरच्या परीक्षकांचं काय? पत्र आलंय? आधीच, नुसत्या गोषवाऱ्यावरून? ‘तोंडी परीक्षेच्या वेळी मूळ रोजनिशी पाहावयास मिळाल्यास आनंद होईल.’ आनंद होईल! म्हणजे एक तरी वाचणारा निघाला, आणि निघाला तो नेमका तुमच्या वाट्याला. कधी आहे? दोन महिन्यांनी. मग काय करणार आहात?

तिकडे काय बघताय? वरच्या फळीवर? जुने कागद आहेत ते. कुठल्या कुठल्या मोडीत काढलेल्या वह्यांची कोरी पानं — जुन्या पुस्तकांची डागडुजी करतो ना मी, पाटीवर लिहिलंय, तिथे नवा कागद शोभत नाही, ठिगळासारखा दिसतो. सव्वाशे-दीडशे वर्षांचे असतील. हो, शाईही घरीच करतो, हिरड्याची, बाजारातली त्या कागदावर फुटते. अक्षर? अक्षर पूर्वी बरं होतं माझं. का विचारताय?

काय म्हणालात?

पुन्हा म्हणा. नाही, म्हणा, मोठ्यानं म्हणा, माझा एक कान अधू आहे. शहाऐंशी पानं.

म्हणजे तुम्ही माझ्याकडे बांधून घ्यायला नाही आलात. समोर दोन दुकानं आहेत, माझ्यापेक्षा चकचकीत, आणि तुम्ही गल्ली ओलांडून इथे, पाटी वाचून — आणि मी मूर्ख, स्टुलापर्यंत सगळं ओकून बसलो! बाई, मी रचलं ते खुळ्या वयात, गंमत म्हणून. कुणाला दाखवायला नव्हतं रचलं. तुम्ही मला त्या खुर्चीवर पुन्हा बसायला सांगताय. तीस वर्षांनी. आणि तिचं वाक्य मी पुन्हा लिहू, जुन्या शाईनं, वळणदार, म्हणजे तुमचे परीक्षक भिंग धरून बघतील आणि त्यांना आनंद होईल? उठा. ह्या प्रती होतील साडेचारला, तोवर बाहेर थांबा, कठड्यावर बसा. मला नाही ऐकायचं तुमच्या नोकरीचं. प्रत्येकाची एक जाहिरात असते. माझीही होती. जा म्हटलं ना.

आणि दार नका आपटू, भिंत जुनी आहे —

अहो ताई. ती वाळवी. तळटिपेत नुसतं ‘कडा’ लिहिलंय तुम्ही. आतल्या बाजूनं खाल्लीय की बाहेरच्या?